गूजबेरीची काडी रुजवताना: हंगाम, डोळे आणि खोड

आपल्या प्रश्नातील हकिकत थोडक्यात अशी आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये भाड्याने घेतलेल्या आपल्या अलॉटमेंटच्या, म्हणजे भाजीपाला-फळे पिकवण्यासाठी मिळणाऱ्या जमिनीच्या, तुकड्यावर गूजबेरीचे, म्हणजे आंबट फळांचे, एक जुने काटेरी झुडूप आहे, त्याची जात कोणती हे कोणालाच सांगता येत नाही, पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो तुकडा सोडावा लागणार आहे आणि म्हणून त्याच झुडपाच्या काड्या रुजवून नव्या घराच्या परसात न्यायचा आपला विचार आहे. गेल्या फेब्रुवारीत आपण काड्या कापून कुंडीत खोचल्या, कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, मार्चमध्ये त्यांना चांगली पालवी फुटली आणि मे संपता संपता सगळ्या वाळून गेल्या. असे का झाले, काडीचे खालचे डोळे, म्हणजे जिथून नवी पालवी फुटते ते कोंब, खुडावेत की ठेवावेत, आणि यातल्या काही काड्या साताऱ्याला आपल्या बंधूंकडे पाठवता येतील काय, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या पालवीतच आहे. पाने फुटली म्हणजे काडी लागली, असे आपण सहज धरून चालतो. परंतु डोळा फुटण्यासाठी मुळाची गरज नसते, काडीच्या लाकडात साठलेले पिष्ट आणि पाणी त्याला काही आठवडे पुरते. गूजबेरी हे इथल्या बागेत सर्वांत आधी जागे होणाऱ्या झुडपांपैकी एक आहे. सौम्य हिवाळ्यात फेब्रुवारीच्या शेवटीच त्याचे डोळे हिरवे दिसू लागतात आणि मार्चमध्ये बाकीची बाग उघडी असताना हे पानांनी भरलेले असते. फेब्रुवारीत कापलेल्या काडीला मुळे धरायला वेळच उरत नाही. त्यातून ती स्वयंपाकघराच्या उबेत ठेवली की डोळे आणखी लवकर फुटतात. पाने बाष्पाच्या रूपाने पाणी बाहेर टाकत राहतात, खालून पाणी घेणारे काहीच नसते, आणि साठा संपला की पहिल्या चार उबदार दिवसांत काडी मान टाकते. तेव्हा दोष आपल्या हाताचा किंवा मातीचा नव्हे, हंगामाचा आणि जागेचा होता. गूजबेरीची काडी आधी मुळावर आली पाहिजे आणि मगच पानावर आली पाहिजे. पुढे जे काही लिहितो आहे ते या एकाच गोष्टीसाठी आहे.

काळ्या मनुक्यासारखे फळ देणारे ब्लॅककरंट नोव्हेंबर ते फेब्रुवारी कधीही मातीत खोचले तरी बहुधा रुजते, आणि त्याच अनुभवावरून अनेकजण गूजबेरीलाही तोच हिशेब लावतात. गूजबेरी मुळाच्या बाबतीत त्याच्यापेक्षा पुष्कळच हट्टी आहे. तिच्यासाठी सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ मी सर्वांत चांगला मानतो आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर काडी लावण्यात फारसा अर्थ पाहत नाही. या दिवसांत झाडाची वाढ थांबलेली असते, नवी फूट पिकून टणक झालेली असते आणि मातीत उन्हाळ्याची ऊब अजून शिल्लक असते. वर हवा गार, म्हणून डोळे झोपलेले. खाली माती कोमट, म्हणून कापलेल्या टोकाचे काम चालू, अशी जुळणी वर्षातून एवढ्याच दिवसांत होते. काडी घेण्याची वेळ झाली की नाही हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे फांदीवरचे पान बोटांनी हलकेच खाली दाबावे. ते सालीचा तुकडा न ओढता देठापासून अलगद सुटले तर काडी तयार आहे. झुडूप पूर्ण निष्पर्ण होण्याची वाट पाहू नये. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाचा हात काडी लावण्यासाठी पावसाच्या पहिल्या सरींबरोबर शिवशिवू लागतो, कारण गुलाब, जास्वंद तिथे त्याच हवेत लागतात. इथे ते घड्याळ बाजूला ठेवावे लागते.

काडी कोणत्या फांदीची घ्यावी, याला हंगामाखालोखाल महत्त्व आहे. ह्याच वर्षी फुटलेली, सरळ, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी हवी. जुन्या झुडपात ती रंगावरून ओळखू येते: चालू वर्षाची फूट फिकट, गवती-तपकिरी झाक असलेली आणि गुळगुळीत सालीची असते, तर त्यामागचे लाकूड करडे, काळपट आणि साल सुटू लागलेले असते. आपले झुडूप जुने आहे आणि बहुधा बरीच वर्षे छाटणीविना उभे आहे, त्यामुळे अशी जोमदार फूट त्यावर कमीच सापडेल. जी आहे ती बारीक आणि आखूड असेल. अशा झुडपाची या हिवाळ्यात एखाद-दुसरी जुनी फांदी बुडातून काढून टाकली तर पुढच्या उन्हाळ्यात बुडातून चांगले धुमारे येतील, पण आपल्याला तेवढी सवड नाही, म्हणून यंदा जे मिळते त्यातले उत्तम निवडावे आणि हव्या तितक्या झाडांच्या दुप्पट-तिप्पट काड्या लावाव्यात.

निवडताना रोगाकडे मात्र बारकाईने पाहावे, कारण काडीबरोबर मूळ झाडाचे गुण येतात तसे त्याचे आजारही येतात. गूजबेरीवरची अमेरिकन भुरी १९०० च्या सुमारास आयर्लंडमध्ये दिसली आणि काही वर्षांतच इंग्लंडभर पसरली. उन्हाळ्यात ती शेंड्यांवर आणि फळांवर पांढऱ्या पिठासारखी असते, पण शरद ऋतूत तिचा रंग बदलतो आणि शेंड्याच्या दोन-तीन पेरांवर तपकिरी, नमद्यासारखा थर चिकटलेला दिसतो. हिवाळाभर बुरशी तिथेच दडून बसते. शेंडा कापून जाळावा किंवा कचऱ्यात द्यावा, कंपोस्टात टाकू नये. शेंडा तसाही कच्चा असल्याने काडीच्या कामाचा नसतो. दुसरा आजार विषाणूचा आहे, तो मावा किडीमुळे पसरतो, आणि वसंतात पानांच्या शिरांलगत पिवळसर पट्टे उमटतात यावरून ओळखू येतो. ऑक्टोबरात पाने गळताना ते दिसत नाहीत, म्हणून आपण गेल्या मे महिन्यात पाने कशी होती हे आठवून पाहावे, आणि अशा पट्ट्यांची शंका असेल तर त्या झुडपाचा मोह सोडून रोपवाटिकेतून निरोगी रोप आणावे. विषाणूवर औषध नाही, आणि काडीने तो नव्या बागेत पोचवण्यासारखा तोट्याचा व्यवहार दुसरा नाही.

आता कापणी. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार आणि पुसलेले असावे, बोथट पात्याने काडी चेचली जाते आणि चेचलेल्या टोकाला मूळ न येता कुज लागते. हातमोजे जाड घ्यावेत. प्रत्येक डोळ्याखाली एक ते तीन काटे असतात आणि ते कातड्यात मोडले की दोन दिवस ठणकतात. फांदी आखूड असेल तर ती न कापता खाली ओढून सोडवावी, म्हणजे जुन्या लाकडाची एक छोटी साल बुडाशी लागून येते. या टाचेसह काढलेल्या काडीला मुळे अधिक विश्वासाने फुटतात, फक्त टाचेची लोंबती शेपटी चाकूने साफ करून घ्यावी. फांदी लांब असेल तर शेंड्याचा कच्चा भाग सोडून सुमारे ३० सेंटीमीटरचा तुकडा घ्यावा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि आडवा, वरचा काप डोळ्याच्या जरासा वर आणि तिरका ठेवावा. तिरक्या कापावरून पावसाचे पाणी घसरते हा एक फायदा, आणि काड्यांचा जुडगा हातात असताना वरचे टोक कोणते याचा घोळ होत नाही हा दुसरा. उलटी खोचलेली काडी बहुतेक वाया जाते. उरलेली पाने काढून टाकावीत. मुळे फुटण्याची भुकटी वापरायची तर वापरावी, तिने नुकसान होत नाही. परंतु तिच्यातले संजीवक, म्हणजे वाढीला चालना देणारे द्रव्य, चुकलेला हंगाम भरून काढत नाही, आणि ऑक्टोबरात लावलेल्या चांगल्या काडीला तिची फारशी गरज पडत नाही, असे माझे मत आहे.

डोळ्यांबद्दलचे दोन्ही सल्ले आपल्याला मिळाले यात आश्चर्य नाही, कारण दोन्हींमागे कारण आहे. गूजबेरी बुडापासून झुडपासारखी वाढू दिली तर तिचा काटेरी गुंता होतो. आत हवा खेळत नाही, भुरी बळावते, फळे मातीला टेकतात, तोडणी म्हणजे हाताला ओरखडे. आणि गूजबेरीच्या माशीच्या हिरव्या, काळ्या ठिपक्यांच्या अळ्या झुडपाच्या मध्यातून आणि खालून पाने खात वर येईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून या झाडाला जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर मोकळे खोड ठेवून त्यावर फांद्यांचा पेला करण्याची इथली जुनी रीत आहे. मातीत गेलेला प्रत्येक डोळा पुढे धुमारा होऊन वर येऊ शकतो, या भीतीने जुने माळी काडी लावण्यापूर्वी वरचे तीन-चार डोळे सोडून बाकीचे सगळे चाकूने खरवडून काढीत. हे खोडाच्या दृष्टीने बरोबर आहे, मुळांच्या दृष्टीने मात्र महाग पडते. जिवंत डोळे काडीला मुळे फोडायला लावणारी नैसर्गिक संजीवके पुरवतात, आणि खरवडल्याने काडीला ठिकठिकाणी जखमा होतात त्या निराळ्याच. आधीच हट्टी असलेल्या काडीचे साहाय्य आपणच काढून घेतो आणि वर बुरशीला दारे उघडून देतो.

म्हणून माझा सल्ला असा की लावताना सर्व डोळे ठेवावेत, आणि खोड तयार करण्याचे काम पुढच्या वर्षी रोप उपटण्याच्या वेळी करावे. तेव्हा काडीला मुळे आलेली असतात, खालचे डोळे आणि त्यांतून आलेली कोवळी फूट स्पष्ट दिसते, आणि ती अंगठ्याने मोडून काढली तरी रोपाला धक्का बसत नाही. ज्यांना दरवर्षी शेकडो काड्या लावून त्यातल्या निम्म्या गेल्या तरी चालतात, त्यांनी खुशाल आधी डोळे काढावेत. ज्याच्याकडे एकच झुडूप आहे आणि त्याचीही मुदत ठरलेली आहे, त्याने हा जुगार खेळू नये.

वाफ्यासाठी अलॉटमेंटचा असा कोपरा निवडावा जिथे दुपारनंतर सावली येते आणि पाणी साचत नाही. नवे शेणखत घालू नये. मऊ, भुसभुशीत माती पुरे. फावडे सरळ खुपसून पुढे-मागे हलवले की इंग्रजी व्ही अक्षरासारखा, एक बाजू उभी असलेला चर पडतो. माती चिकण असेल तर चराच्या तळाशी चार-पाच सेंटीमीटर जाड वाळू घालावी. तिने पाणी निथळते आणि कापलेल्या टोकाला हवा मिळते. काड्या उभ्या बाजूला टेकवून परस्परांपासून १५ सेंटीमीटरवर ठेवाव्यात, अर्धी काडी मातीत आणि अर्धी वर राहील अशा खोलीवर, आणि बुडे वाळूत नीट रुतली आहेत ना हे पाहूनच माती ढकलून पायाने घट्ट दाबावी. काडीच्या बुडाखाली पोकळी राहिली तर तिथे मूळ येत नाही. दोन ओळी कराव्या लागल्या तर मध्ये ३५ ते ४० सेंटीमीटर अंतर ठेवावे, म्हणजे खुरपे फिरते. एकदा पाणी देऊन माती बसवली की हिवाळ्यात पुन्हा पाणी देण्याची वेळ सहसा येत नाही.

हिवाळ्यातले खरे काम निराळेच आहे, आणि तेच बहुतेकांकडून राहून जाते. कडाक्याच्या थंडीत माती गोठून फुगते आणि काड्यांना वर उचलते. सकाळी वाफ्यापाशी वाकून पाहिले तर प्रत्येक काडीभोवती बांगडीसारखी बारीक फट दिसते, आणि काडी बोटाच्या पेराएवढी वर आलेली असते. बुड वाळूतून सुटून पोकळीत लोंबू लागले की कापलेल्या टोकावर नोव्हेंबरपासून धरलेली गाठ सुकते. माती वितळल्यावर अशा प्रत्येक काडीला खाली दाबून भोवतालची माती टाचेने पुन्हा घट्ट करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुतूहल आवरले नाही तर टोकाची एखादी काडी हलकेच उकरून पाहायला हरकत नाही. कापलेल्या कडेवर पांढरट, खडबडीत गाठ दिसेल आणि तिच्या वर, खालच्या दोन-तीन डोळ्यांच्या आसपास, सालीतून तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोंब बाहेर आलेले असतील. एवढे दिसले की बाकीच्यांना हात लावू नये. हिवाळ्यात बुलफिंच पक्षी डोळे टिपून खातात, म्हणून वाफ्यावर जाळे टाकणे शहाणपणाचे.

काड्या कुंडीत लावायच्या असतील, आणि एवढ्या एकाच झुडपावर भिस्त असल्यामुळे निम्म्या काड्या तशा लावाव्यात असेच मी सुचवीन, तर कुंडी निदान २५ सेंटीमीटर खोल असावी, मिश्रणात तिसरा हिस्सा जाड वाळू असावी, आणि ती घराबाहेर उत्तरेकडच्या भिंतीलगत ठेवावी. घरात, काचघरात किंवा खिडकीत ती कदापि आणू नये. थंडी ही या काडीची शत्रू नसून डोळ्यांना झोपवून ठेवणारी मदतनीस आहे.

एप्रिलमध्ये पाने फुटतील आणि एखाद-दुसऱ्या काडीला फुलेही येतील. फुले लगेच खुडावीत, पाने तशीच राहू द्यावीत. मे ते ऑगस्ट या काळात कोरडे पडले तर आठवड्याला एकदा भरपूर पाणी द्यावे, तण हाताने काढावे, नत्राचे खत देऊ नये, कारण नत्राने लुसलुशीत फूट येते आणि भुरीला नेमके तेच हवे असते. पोटॅशची गरज या झाडाला जास्त आहे, परंतु ती मोठे झाल्यावर. पहिल्या उन्हाळ्यात वाफ्यातल्या मातीचे पुरते. काही काड्या जून-जुलैतही वाळतील. त्या उपटून पाहिल्या तर बहुधा खाली नुसती गाठ आढळेल आणि मूळ नसेल.

पुढच्या नोव्हेंबरात, पाने गळल्यावर, दाते असलेल्या फावड्याने रोपे उचलावीत. आता वर सांगितलेले खोडाचे काम करायचे. मुळांचा मुख्य झुबका कुठून सुरू होतो ते पाहावे, त्याच्या वरची तुरळक मुळे आणि तिथपासून १० ते १५ सेंटीमीटरपर्यंतचे सगळे डोळे व धुमारे काढावेत. सिकेटरने कापले तर बुडाचे सुप्त डोळे मागे राहून पुन्हा फुटतात; म्हणून खाली ओढून मुळासकट तोडावेत. त्यावरच्या फुटींपैकी तीन ते पाच चांगल्या, चहूकडे पसरलेल्या फांद्या ठेवून त्या निम्म्यावर छाटाव्यात. छाटताना काप कोणत्या डोळ्यावर घ्यायचा हे झाडाच्या ठेवणीवर ठरते. फांद्या खाली झुकणाऱ्या जातीत वरच्या बाजूच्या किंवा आत वळलेल्या डोळ्यावर, आणि ताठ वाढणाऱ्या जातीत बाहेरच्या डोळ्यावर. नव्या परसात दोन झाडांमध्ये १.२ ते १.५ मीटर अंतर ठेवून, वरचे मूळ जेमतेम झाकेल इतक्याच खोलीवर लावावे. मोकळे केलेले खोड पुन्हा मातीत पुरले तर वर्षाचे काम फुकट जाते. मोजकी फळे त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, आणि नाव घेण्याजोगे पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळेल.

आपल्याकडे एक वर्ष हातात आहे म्हणून आणखी एक तजवीज सुचवतो. झुडपाची जी फांदी जमिनीकडे झुकली असेल तिचा मधला भाग आताच दोन बोटे खोल चरात दाबून, तारेच्या आकड्याने पक्का करून, वर माती ओढून ठेवावी. शेंडा बाहेर राहू द्यावा. ही दाब कलमाची रीत काडीपेक्षा सोपी आणि जवळजवळ हमखास आहे, कारण मुळे येईपर्यंत फांदी आईच्याच पाण्यावर जगते. तिचा तोटा इतकाच की एका फांदीतून एकच रोप मिळते आणि त्याचे खोड क्वचितच सरळ येते.

जात ठाऊक नाही याची चिंता करू नये, मात्र बियांचा मार्ग टाळावा. गूजबेरीचे बी पेरले तर आईसारखे झाड मिळत नाही. प्रत्येक नामांकित जात आजवर केवळ काड्यांवरच टिकली आहे. चेशायरमधील गावांत आणि यॉर्कशायरच्या एग्टन ब्रिज येथे वजनदार गूजबेरीच्या स्पर्धा आजही भरतात, त्यातली एग्टन ब्रिजची १८०० सालापासूनची आहे. ‘लंडन’ नावाच्या लाल जातीचे १८५२ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये तोललेले फळ रानटी फळाच्या सात-आठ पट भरल्याची नोंद चार्ल्स डार्विन यांनी केली आहे. त्या जातीची आज उभी असलेली प्रत्येक रोपटी काडीमागून काडी अशी त्याच मूळ झाडाची आहे. आपल्या झुडपाची फळे कोणत्या रंगाची, केसाळ की गुळगुळीत, आणि जूनमध्ये आंबट असताना तोडण्याजोगी की जुलैत पिकल्यावर खाण्याजोगी, एवढे टिपून ठेवले तरी जातीचा पुष्कळ अंदाज बांधता येईल. जूनमधल्या कच्च्या, आंबट फळांचा मेथांबा कैरीच्या मेथांब्याला फार मागे टाकत नाही, हे जाता जाता सांगतो.

राहिला साताऱ्याचा प्रश्न. पाठवू नयेत. झाडांच्या काड्या भारतात नेण्यासाठी आयातीचा परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. बॅगेत गुंडाळून नेणे बेकायदा आहे आणि वर सांगितलेल्या भुरी-विषाणूंचा विचार करता ते तसेच असायला हवे. शिवाय गूजबेरीला दरवर्षी दीर्घ, सलग थंडी लागते, ती मिळाली नाही तर डोळे नीट उघडत नाहीत आणि फूल धरत नाही. साताऱ्याचा काय, महाबळेश्वरचा हिवाळाही तिला अपुरा आहे. महाबळेश्वरच्या बाजारात गूजबेरी म्हणून मिळते ती कागदी आवरणातली रसभरी, ती टोमॅटोच्या कुळातली असून बियांपासून सहज येते. बंधूंना आंबट फळाचे झुडूपवजा झाडच हवे असेल तर आवळ्याचे कलम लावावे, तेही काडीचे नव्हे, रोपावर डोळा भरून केलेले. आणि काडीच रुजवण्याची हौस असेल तर शेजारच्या पुरंदर तालुक्यातून अंजिराची पक्व काडी आणावी, छाटकलमाने तिच्याइतकी खात्रीने लागणारी फळझाडे थोडीच आहेत.